दुकानाच्या पायात निघालेले रोमन रांजण: अँफोरा की दोलियम?

तुमचे प्रश्न तीन: इटलीत दुकानाचा पाया खणताना जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मोठी मातीची भांडी निघाली, तर त्यांना अँफोरा म्हणायचं का, त्यांत काय साठवत, आणि ती लगेच उचलून संग्रहालयात का नेत नाहीत.

अँफोरा म्हणू नका. अँफोरा हा वाहतुकीचा घडा: दोन कान, निमुळतं बूड, वाइनच्या घड्यात साधारण २६ लिटर. जागेवर कायमचा पुरलेला रांजण म्हणजे दोलियम (अनेकवचन दोलिया). रोमचं बंदर असलेल्या ओस्तियाच्या कोठारांतल्या दोलियांच्या खांद्यावर माप कोरलेलं आहे, तेही 'इतके अँफोरा' असं. ४० अँफोरा म्हणजे हजार लिटरच्या वर. पोम्पेईजवळ बोस्कोरेआलेच्या व्हिला रेजिना या रोमन शेतघरात असे १८ रांजण आहेत, मिळून सुमारे १०,००० लिटर.

पुरण्याचं कारण साधं. मातीत तापमान फार हलत नाही आणि भरलेल्या रांजणाच्या भिंतीला चहूबाजूंनी आधार मिळतो. मात्र आपल्या पेवासारखं त्यात धान्यच असणार असं धरू नका. पुरलेल्या दोलियांत बहुतेकदा वाइन असे, तेलही साठवत. वाइनसाठी आतून राळेचा काळा लेप देत. तेलाच्या नव्या रांजणाची कृती शेतीवर लिहिणाऱ्या रोमन लेखक कातोने दिली आहे: ऑलिव्हच्या तेलाखाली उरणारं पाणी त्यात सात दिवस भरून ठेवायचं, रोज कमी झालेलं भरून काढायचं, मग रिकामा करून वाळवायचा आणि भिजवलेला डिंक लावायचा. तडा गेला तर शिशाने बांधा, असंही तो सांगतो. म्हणून खोदताना शिशाची पट्टी दिसली तर कचरा समजून उपटू नका. ती रोमन काळातली दुरुस्ती असू शकते.

आता उचलण्याबद्दल. इटलीच्या २००४ च्या वारसा कायद्याप्रमाणे असा शोध २४ तासांत कळवावा लागतो आणि वस्तू सापडल्या तशाच, तिथेच ठेवाव्या लागतात. पण खरी अडचण मातीची आहे. बाहेरची माती आधी काढली की आतल्या भरावाचं वजन भिंतीवर येतं आणि जुने तडे उघडतात. म्हणून आत आणि बाहेर थोडंथोडं, एकाच पातळीने उतरायचं. प्रत्येक टप्प्यावर फोटो आणि मोजमाप. वरचा भराव बहुधा रांजण वापरातून गेल्यानंतरचा असतो, त्यातली माशांची हाडं पाहून 'यात मासे साठवत' म्हणणं चूक. तळाचा थर वेगळा काढायचा.

नमुन्यात सगळ्यात जास्त चुका होतात. तळाचा तुकडा धुवायचा नाही, उघड्या हाताने धरायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायचा नाही. प्लॅस्टिकमधली रसायनं तपासणीत उतरतात. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावा. शेजारच्या मातीचाही नमुना हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? टार्टारिक आम्ल मिळालं तर वाइनची शक्यता वाढते, पण ते चिंचेतही असतं, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नये. नुसता राळेचा अंशही पुरावा नाही, कारण माशांच्या रश्श्याच्या घड्यांनाही राळ लावत.

रांजण हलवला की त्याची ओळ, जमिनीची पातळी आणि भिंतींशी असलेलं नातं तुटतं. रोमन कायदेपंडित पाउलुसनेही म्हटलंय की कोठार विकताना पुरलेले दोलिया वेगळे वगळले नाहीत, तर ते कोठाराबरोबरच गेले असं समजावं.

महाराष्ट्रातल्या उत्खननांचे अहवाल वाचणाऱ्यांनीही जपावं. पश्चिम भारतात 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदलेले बरेच तुकडे नंतर मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारचे ठरले. त्यांना कान नसतात आणि आत खनिज डांबराचा लेप असतो. इटलीच्या कंपानिया भागातल्या घड्यांच्या मातीत मात्र काळे ज्वालामुखी कण दिसतात. तेव्हा आतल्या काळ्या लेपावरून ठरवण्याआधी तुकड्याची ताजी मोडलेली कड भिंगाखाली बघा.