पात्राचा वर्ण बदलला म्हणजे मूळ कादंबरीशी प्रतारणा होते का?

कल्पनारम्य कादंबऱ्यांवरच्या मालिकांत गोऱ्या पात्रांसाठी कृष्णवर्णीय नट निवडणे ही मूळ लेखनाशी प्रतारणा नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वर्ण बदलला की नाही याआधी, लेखकाने त्या वर्णावर कथेतले कोणते काम सोपवले होते, हे पाहायला हवे.

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या 2022 च्या मालिकेत व्हेलॅरिऑन घराणे कृष्णवर्णीय दाखवले आहे; पुस्तकात ते गोरे आहे. राजकन्या रेनिराची मुले याच घराण्यातल्या तिच्या नवऱ्याची नाहीत, हा संशय पुस्तकात प्रामुख्याने त्यांच्या तपकिरी केसांवरून येतो. मालिकेत तो नुसत्या नजरेला कळतो, त्यामुळे सगळे काही दिसत असताना राजाच्या भीतीने गप्प बसलेला दरबार अधिकच लाचार वाटतो. इथे बदलाने कथेला बळच दिले, असे मी म्हणेन. (संशयाला जागाच उरली नाही, ही तक्रारही मला अगदीच गैरलागू वाटत नाही.)

‘द व्हील ऑफ टाइम’ची गोष्ट वेगळी आहे. कादंबरीत नायक रँड हा आडवळणाच्या, बाहेरच्यांशी फारसा संबंध नसलेल्या गावात वाढतो, आणि त्याची उंची, करडे डोळे व तांबूस केस गावात उठून दिसतात. त्याच्या जन्माचे रहस्य तिथेच सूचित होते. 2021 पासूनच्या मालिकेत गावच नाना वर्णांच्या माणसांचे आहे, म्हणून ती खूण पुसट झाली. नटांची कामे मला आवडली, पण एवढे नुकसान मान्य करायला हवे.

खरी प्रतारणा मात्र उलट्या दिशेने झालेली आहे. उर्सुला ले ग्विन यांनी 1968 च्या कादंबरीत अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहातला जादूगार गेड तांबूस-तपकिरी कातडीचा रंगवला, तोही हेतुपुरस्सर, कारण जादूगार म्हणजे गोराच असणार ही वाचकाची सवय त्यांना मोडायची होती. 2004 च्या दूरचित्रवाणी रूपांतरात गेडची भूमिका गोऱ्या नटाला मिळाली आणि ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. तिथे केवळ रंग गेला नाही, लिहिण्याचा हेतूच गेला.

मी वडोदऱ्याचा असल्यामुळे या वादात मला आपलीच एक सवय आठवते. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पुराणप्रसंगांची चित्रे करून घेतली. त्यांतल्या बहुतेक नायिका उजळ कांतीच्या आहेत, आणि पुढे दिनदर्शिकांपासून मालिकांपर्यंत तोच वर्ण चालत आला. महाभारतातली द्रौपदी मात्र सावळी आहे, तिचे एक नावच कृष्णा आहे. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशोत्सवात द्यूतसभेचा प्रवेश बसवला, तेव्हा ज्या सावळ्या मुलीची शब्दफेक सर्वांत स्वच्छ होती तिला दासीचे काम मिळाले आणि द्रौपदी एका गोऱ्यापान मुलीने केली. व्यासांशी प्रतारणा झाली असे कोणीही म्हणाले नाही. निवड करणाऱ्यांत मीही होतो.