वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील विमानतळांवरची तपासणी आणि सरकारचा हात

प्रश्न : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने विमानतळांवरील प्रवाशांची तपासणी खासगी कंपन्यांकडून काढून केंद्र सरकारकडे सोपवली. कंपन्यांची माणसे बेफिकीर होती म्हणूनच हल्लेखोर विमानात शिरू शकले, असे आम्ही वाचत आलो आहोत. मग या निर्णयाला विरोध का झाला?

उत्तर : आपल्या प्रश्नातील मधले विधान आधी पारखून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे. विमान अपहरणांची लाट आल्यानंतर अमेरिकेत १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. ती करवून घेण्याची जबाबदारी विमान कंपन्यांवर होती. नियम संघीय विमानवाहतूक प्रशासन करी, विमान कंपन्या कंत्राटे देत आणि कंत्राटदार माणसे नेमत. या नियमांनुसार चार इंचांहून आखूड पात्याचा चाकू विमानात नेण्यास मनाई नव्हती. एवढेच नव्हे, तर विमानात बसण्यापूर्वीच्या छाननीत १९ पैकी निम्म्याहून अधिक हल्लेखोर विशेष लक्ष देण्यासाठी वेगळे काढले गेले होते. परंतु तसे वेगळे काढल्याचा परिणाम तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे केवळ त्यांच्या चेक-इन सामानापुरता होता, त्यांच्या अंगझडतीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे त्या दिवशी जे निसटले त्यातले बरेचसे नियमानेच सोडलेले होते, आणि नियम सरकारचा होता. ज्याचे नियम अपुरे ठरले त्याच्याच हाती संपूर्ण काम का द्यावे, हा विरोधकांचा पहिला सवाल होता आणि तो मला आजही रास्त वाटतो.

मात्र खासगी व्यवस्थेची बाजू घेणारे याच ठिकाणी थांबतात आणि चित्राचा दुसरा भाग दाखवत नाहीत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००० साली, म्हणजे हल्ल्याच्या आदल्याच वर्षी, दिलेल्या अहवालात १९ मोठ्या विमानतळांवरील तपासनीसांच्या गळतीचे, म्हणजे काम सोडून जाण्याच्या प्रमाणाचे, आकडे आहेत. मे १९९८ ते एप्रिल १९९९ या वर्षभरात ही गळती सरासरी १२६ टक्के होती आणि एका विमानतळावर तर ती चारशे टक्क्यांच्या पुढे गेली होती. अनेक ठिकाणी वेतन ताशी सहा डॉलर किंवा त्याहूनही कमी होते. त्याच विमानतळावरच्या फास्ट फूडच्या दुकानात त्याहून जास्त पैसे मिळत, त्यामुळे एक्स-रे यंत्रासमोर बसलेला माणूस काम शिकून तयार होईपर्यंत निघून गेलेला असे. धोक्याच्या वस्तू ओळखण्याच्या सरकारी चाचण्यांत १९७८ मध्ये १३ टक्के आणि १९८७ मध्ये २० टक्के वस्तू नजरेतून सुटल्या होत्या. असे का घडले याचे उत्तर फार खोल शोधावे लागत नाही. तपासणीचा खर्च ज्या विमान कंपनीच्या खिशातून जात होता, तिला रांग लवकर पुढे सरकलेली हवी होती आणि कंत्राट स्वस्तात पडलेले हवे होते. त्या तपासणीत खासगी मालकीपेक्षाही हा हितसंबंध अधिक नडला, असे माझे मत आहे.

प्रश्न : सरकारी नोकराला कामावरून काढता येत नाही, ही भीती तेव्हा फार बोलून दाखवली गेली होती. ती खरी ठरली का?

उत्तर : ही भीती खरी ठरली नाही, ज्या रीतीने ती फोल ठरली, ती रीत मात्र कोणालाच अभिमान वाटावा अशी नाही. सिनेटने ११ ऑक्टोबर २००१ रोजी सर्व तपासनीसांना केंद्र सरकारचे कर्मचारी करणारे विधेयक १०० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने १ नोव्हेंबरला २८६ विरुद्ध १३९ मतांनी आपला वेगळा मसुदा मान्य केला, ज्यात तपासणीवर सरकारची देखरेख होती पण माणसे सरकारीच असावीत अशी सक्ती नव्हती. प्रतिनिधिगृहातील विरोधकांचा रोख मुख्यतः कामगार संघटनांवर आणि सरकारी नोकरांच्या वाढत्या फौजेवर होता. शेवटी तडजोड झाली आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १९ नोव्हेंबरला कायद्यावर सही केली. त्यातून वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजेच टीएसए, जन्माला आले.

या तडजोडीतले एक कलम असे होते की तपासनीसांची भरती, वेतन, शिस्त आणि बडतर्फी या बाबतीत टीएसएच्या प्रमुखाला नेहमीचे सेवानियम बाजूला ठेवता येतील. परिणामी हे कर्मचारी नावाला सरकारी राहिले. सरकारी नोकरीची जी सुरक्षितता विरोधकांना खुपत होती, ती त्यांना मिळालीच नाही. जानेवारी २००३ मध्ये त्यांना सामूहिक वाटाघाटींचा, म्हणजे संघटनेमार्फत व्यवस्थापनाशी बोलणी करण्याचा, अधिकार नाकारण्यात आला, तो मर्यादित स्वरूपात मिळायला २०११ उजाडले आणि अन्य केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बरोबरीची वेतनश्रेणी लागू व्हायला २०२३ चा जुलै यावा लागला. तपासनीस अमेरिकेचा नागरिकच हवा, अशीही अट घालण्यात आली. ज्या विमानतळांवर स्थलांतरित माणसे वर्षानुवर्षे हे काम करत होती, विशेषतः कॅलिफोर्नियात, तिथल्या अनेकांच्या नोकऱ्या या अटीमुळे गेल्या. मौज अशी की त्याच काळात नागरिक नसलेली माणसे अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊ शकत होती.

प्रश्न : मग सरकारी नियंत्रणातला खरा धोका आपल्या मते कोणता?

उत्तर : प्रश्नपत्रिका काढणारा, ती सोडवणारा आणि गुण देणारा एकच असावा, तशी ही रचना झाली आहे. पूर्वी संघीय विमानवाहतूक प्रशासन नियम करत असे, चाचण्या घेत असे आणि चुकलेल्या विमान कंपनीला दंड करत असे. ते दंड पुरेसे होते का, हा वेगळा मुद्दा. पण दंड करणारा आणि भरणारा हे दोन निराळे पक्ष होते. आता काय न्यावे आणि काय नेऊ नये हे टीएसए ठरवते, यंत्रे तीच विकत घेते, माणसे तिचीच असतात आणि त्यांच्या कामाचा दर्जाही मुख्यतः तीच मोजते. चूक झाली तर दंड करायचा कोणाला? सरकारने सरकारलाच दंड करण्याने पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, इतकेच.

अर्थात बाहेरची नजर अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गृहसुरक्षा विभागाचा महानिरीक्षक आणि संसदेचे लेखापरीक्षण कार्यालय हे दोघे वेळोवेळी छुप्या चाचण्या घेतात. अशाच एका चाचणीचा निष्कर्ष २०१५ च्या जूनमध्ये बाहेर फुटला. वेशांतर केलेल्या परीक्षकांनी ७० वेळा बनावट स्फोटके किंवा शस्त्रे आत नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यांपैकी ६७ वेळा ते पकडले गेले नाहीत. टीएसएच्या हंगामी प्रमुखांना तातडीने त्या पदावरून हलवले गेले. या आकड्यांची १९७८ किंवा १९८७ च्या आकड्यांशी थेट तुलना करणे योग्य नाही, कारण त्या जुन्या चाचण्या ढोबळ वस्तूंच्या होत्या आणि नव्या परीक्षकांना व्यवस्थेतली छिद्रे आतून ठाऊक होती. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : हे निष्कर्ष गोपनीय असतात आणि नागरिकांना ते कळले ते कोणीतरी फोडल्यामुळे. कंत्राटदार नापास झाला तर त्याचे कंत्राट काढून घेण्यात सरकारला संकोच नसतो. आपलेच खाते नापास झाल्याचे जाहीर करण्यात तो असतो, आणि सुरक्षेचे कारण त्या संकोचाला आयते पांघरूण पुरवते.

शरीराची प्रतिमा दाखवणाऱ्या स्कॅनर यंत्रांच्या बाबतीतही हीच प्रवृत्ती दिसली. ही यंत्रे प्राथमिक तपासणीसाठी सरसकट बसवण्यापूर्वी कायद्याप्रमाणे लोकांच्या हरकती आणि सूचना मागवणे आवश्यक होते आणि टीएसएने ते केले नाही, असा निर्णय वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये दिला. यंत्रे बेकायदा आहेत असे न्यायालय म्हणाले नाही. त्याने बोट ठेवले ते कोणालाही न विचारता नियम बदलण्याच्या सवयीवर. कपड्यांखालच्या शरीराचे तपशील दाखवणारी क्ष-किरणांची यंत्रे २०१३ च्या मध्यापर्यंत काढून टाकण्यात आली, तीही संसदेने मुदत घातल्यानंतर.

प्रश्न : याला मधला मार्ग नव्हता का? काम खासगी आणि देखरेख सरकारी, असे कुठे चालते का?

उत्तर : चालते, आणि अमेरिकेतच चालते. मूळ कायद्यानेच सॅन फ्रान्सिस्को, कॅन्सस सिटी, रॉचेस्टर, जॅक्सन होल आणि टुपेलो या पाच विमानतळांवर खासगी तपासनीस प्रयोगादाखल ठेवले होते. २००४ च्या अखेरीस अन्य विमानतळांनाही असा अर्ज करण्याची मुभा मिळाली. मात्र कंत्राटदार निवडते टीएसए, करार होतो टीएसएशी आणि कार्यपद्धतीही टीएसएचीच पाळावी लागते, त्यामुळे विमानतळाच्या हाती अर्ज करण्यापलीकडे फारसे काही राहत नाही. जानेवारी २०११ मध्ये टीएसएच्या प्रमुखांनी ही योजना वाढवण्यात स्पष्ट फायदा दिसत नसल्याचे सांगून विस्तार थांबवला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून, सुरक्षा किंवा खर्चाच्या दृष्टीने बाधा येत नसेल तर अर्ज मंजूर करावा, असे त्यांना बजावले. ज्या खात्याचे काम कमी होणार, त्याच खात्याने त्याची परवानगी द्यायची, हा या योजनेतला अंगभूत दोष आहे. कॅनडाने एप्रिल २००२ मध्ये याच कामासाठी स्वतंत्र सरकारी महामंडळ स्थापन केले. ते खासगी कंपन्यांकडून तपासणी करून घेते आणि नियम करण्याचे काम मात्र तिथल्या परिवहन विभागाकडे आहे. मला ही विभागणी अधिक शहाणपणाची वाटते.

प्रश्न : खर्चाचे काय? सरकारने तपासणी हाती घेतल्यावर प्रवाशांवर बोजा वाढला का?

उत्तर : वाढला, आणि सुरुवातीलाच वाढला. वर्षभरात हजारो माणसे नेमण्याची घाई झाली आणि तपासनीसांच्या भरतीसाठी दिलेले सुमारे १० कोटी ४० लाख डॉलरचे कंत्राट फुगत फुगत ७४ कोटी डॉलरच्या आसपास गेले. फेब्रुवारी २००२ पासून प्रत्येक प्रवाशाकडून दर उड्डाणामागे अडीच डॉलर आणि एका बाजूच्या प्रवासासाठी जास्तीत जास्त पाच डॉलर सुरक्षा शुल्क घेतले जाऊ लागले. जुलै २०१४ पासून ते एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर झाले. या वाढीमागचे कारण पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०१३ च्या अर्थसंकल्पी तडजोडीत हे शुल्क वाढवताना त्यातला काही भाग सरकारची सर्वसाधारण तूट भरून काढण्यासाठी वळवण्याचे ठरले. सुरक्षेच्या नावाने घेतलेला पैसा सुरक्षेवरच खर्च होईल असे गृहीत धरणाऱ्या प्रवाशाची ही सरळ फसवणूक आहे, असे म्हणायला मी कचरणार नाही.

याच्या जोडीला एक अशी अडचण उभी राहिली, जिचा २००१ च्या चर्चेत कोणी गांभीर्याने विचार केल्याचे दिसत नाही. अर्थसंकल्पावरून राजकीय पेच पडला की सरकारी कामकाज बंद होते. तपासनीस अत्यावश्यक ठरत असल्यामुळे त्यांना कामावर यावेच लागते, पण पगार थांबतो. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे ३५ दिवस हे चालले तेव्हा गैरहजेरीचे प्रमाण एका दिवशी दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले आणि काही ठिकाणचे तपासणी नाके बंद ठेवावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खासगी तपासनीसांना मात्र कंत्राटदाराकडून पगार मिळत राहिला.

प्रश्न : सरकारी माणसाने झडती घेतल्याने नागरिकांचे स्वातंत्र्य अधिक धोक्यात येते का? आणि त्याच्या हातून नुकसान झाले तर दाद मागता येते का?

उत्तर : पहिल्या शंकेत तथ्य कमी आहे. तपासणी कंपन्या करत असतानाही ती सरकारच्या आदेशाने होत होती आणि म्हणून तिला राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती, म्हणजे अवाजवी झडतीपासून मिळणारे संरक्षण, लागू होते, असे न्यायालयांनी १९७० च्या दशकातच मानले होते. ही झडती शस्त्रे आणि स्फोटके शोधण्यापुरती असेल तर वॉरंटची गरज नाही, हेही तेव्हापासूनच ठरलेले आहे. कंत्राटदाराच्या जागी सरकारी नोकर आल्याने या मर्यादेत फरक पडलेला नाही.

दाद मागण्याचा मार्ग मात्र खडतर आहे. सरकारवर दावा करण्यासाठीच्या कायद्यात मारहाण, बेकायदा अडवणूक यांसारख्या हेतुपुरस्सर कृत्यांना मोठा अपवाद आहे. तो केवळ कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या किंवा तपास अधिकाऱ्यांच्या बाबतीत शिथिल होतो. तपासनीस या व्याख्येत बसतात, असा निर्णय फिलाडेल्फिया येथील अपील न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि तेव्हापासून अशा तक्रारींना वाट मिळाली. सामान हरवले किंवा मोडले असेल तर सरकारी नमुन्यात लेखी दावा दोन वर्षांच्या आत टीएसएकडे दाखल करावा लागतो, आणि त्यात नुकसानीची निश्चित रक्कम लिहिणे आवश्यक असते. रक्कम न लिहिलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने दावाच धरला जात नाही. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी अंगझडती आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून होणे अपेक्षित असते, ती खोलीत, आपल्यासोबतच्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावी असे सांगता येते, आणि पर्यवेक्षकाला बोलावण्याची मागणी करता येते. ही मागणी त्याच ठिकाणी केलेली बरी, कारण नाक्यावरचे चित्रीकरण किती काळ जपले जाईल यावर प्रवाशाचे काही नियंत्रण नसते.