मिल्खासिंगची अर्धीच गोष्ट

प्रश्न: गारपिटीत निफाडची द्राक्षबाग गेली, कर्जापायी जमीन विकली. आता सातपूरला भाड्याच्या खोलीत राहतो. सातवीतला मुलगा नव्या शाळेत रमत नाही, गणितात काठावर पास. 'माझं काही व्हायचं नाही' म्हणतो. फाळणीत अनाथ झालेल्या मिल्खासिंगची गोष्ट सांगितली, तर चिडून म्हणाला, 'मी काय मिल्खासिंग आहे का?' त्याच्यात जिद्द कशी आणू?
– एक आई, नाशिक

ताई, पोराचा राग रास्त आहे. निर्वासित मुलाची गोष्ट आपण टोमण्यासारखी सांगतो: त्याचं सगळं गेलं तरी तो उभा राहिला, आणि तू? शिवाय तुम्ही अर्धीच सांगितलीत. दिल्लीत आलेला मिल्खासिंग आधी भरकटलाच होता. विनातिकीट प्रवासात पकडला गेला, तुरुंगात गेला. बहिणीनं दागिने विकून सोडवलं. भावानं लकडा लावला म्हणून तो सैन्यभरतीला उभा राहिला, आणि १९५१ मध्ये चौथ्या खेपेला लागला. धावणं त्यानंतरचं. आधी माणसं पाठीशी होती, ध्येय मागाहून आलं.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत पोलिश शाळा होत्या, स्काउटची पथकं होती, नाटकं होत. पोरांचा दिवस भरलेला असे. तुमच्या मुलालाही गोष्टीपेक्षा असा आधार हवा.

आता तुमच्या घरचं. गावी मराठी माध्यम आणि इथं सेमी असेल, तर पोरगं ढ नाही, शब्दांवर अडलंय. लसावि येतो, फळ्यावरचा 'एलसीएम' कळत नाही. दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे अंश, छेद, परिमिती. उजवीकडे न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, पेरिमीटर. रोज पाच शब्द, दोन गणितं, वीस मिनिटांत वही बंद. तास-तास बसवलंत तर आठवड्यात ती वही सापडेनाशी होईल. तरीही अडला, तर पाचवीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात करा.

दुसरं, एक खरं काम पूर्ण त्याच्याकडे द्या. आठवड्याच्या भाजीचे पैसे त्याच्या हाती, हिशेबही त्याचाच. किडकी मेथी आणली तर तीच निवडून करा. पैसे परत काढून घेतलेत की सगळं मुसळ केरात.

जमिनीचं वडिलांनी सरळ सांगावं: कर्ज किती होतं, किती फिटलं, शाळा पुन्हा बदलणार की नाही. कुजबुज मुलं ऐकतातच आणि उरलेलं मनानं भरतात, बहुधा खऱ्याहून वाईट.

महिनाभर बरं चालेल, मग गारांची बातमी आली की पुन्हा घुम्यासारखा बसेल. फाळणीला १३ वर्षं झाल्यावर, १९६० मध्येही मिल्खासिंग लाहोरला धावायला जायला तयार नव्हता. नेहरूंना समजूत घालावी लागली. अशा वेळी नवा उपदेश नको. वही आणि भाजी चालू ठेवा.

झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं, तर सिव्हिलला मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा आली, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी न्या, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.