‘दऱ्या’ची दुरुस्ती सात महिने पडून होती

प्रश्न : ताई, सहा वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजातल्या पाच मित्रांनी मराठी शब्दतपासणीचा मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारा, कोश सुरू केला. लिबरऑफिस या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये तो चालतो. आता दोघे बंगळुरूला, एक पुण्याला, एक जहाजावर; उरलो मी. दीड वर्ष झाले, नवी आवृत्ती निघालेली नाही. ‘मदत करतो’ म्हणत नवी मुले येतात आणि पंधरा दिवसांत दिसेनाशी होतात. वेर्ण्याहून कामावरून परतल्यावर लॅपटॉप उघडावासा वाटत नाही. बंद करून टाकू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बंद करू नका, निदान येत्या चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत तरी. तुमचा थकवा मला ठाऊक आहे, म्हणून आधी माझी एक चूक सांगते.

म्हापशात डीटीपी करत असताना मी जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, आणणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. देवळांच्या उत्सवपत्रिका, नाटकांची हँडबिले असे कितीतरी त्यातून गेले. एक दिवस पेडण्याच्या एका मुलीने दुरुस्ती पाठवली. ‘दऱ्या’ हा शब्द कागदावर एकच दिसतो, पण संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, आणि मग य. माझा प्रोग्राम दुसरी तऱ्हा वापरायचा, आणि फाइल स्वच्छ करायची म्हणून मीच शेवटी घातलेली एक ओळ सगळी अदृश्य चिन्हे गाळून टाकायची. ते चिन्ह गेले की सह्याद्रीच्या दऱ्यांचा थेट दर्या होतो, मिरामारला दिसतो तो! मुलीने चार ओळींत ते नीट केले होते. मी म्हटले, रविवारी बघते. ते बघायला सात महिने लागले. आभार मानले तेव्हा तिचे उत्तर आले, अगदी नम्र : आता नोकरी लागली आहे, वेळ होत नाही. पुन्हा तिच्याकडून काही आले नाही. याची खंत मला अजून आहे.

तेव्हा मुले टिकत नाहीत असे म्हणण्याआधी, त्यांच्या पहिल्या दुरुस्तीला तुमचे उत्तर किती दिवसांनी गेले ते मोजा. दोन दिवसांत एक ओळ जाऊ द्या : ‘पाहिली, रविवारी तपासतो.’ जे घ्यायचे नाही त्याला कारण सांगून स्पष्ट नाही म्हणा. नकार माणूस पचवतो, पण आपले काम कुणी उघडूनही पाहिले नाही हे त्याला पचत नाही.

दुसरे, नवी आवृत्ती काढायचे अधिकार आज फक्त तुमच्याकडे आहेत ना? तिथेच गाडे अडले आहे. गावच्या नाटकात नट आयत्या वेळी आजारी पडला तरी प्रयोग होतो, कारण त्याची नक्कल वहीत उतरवलेली असते. तशी तुमची नक्कल लिहून काढा : कुठली फाइल आधी बदलायची, काय तपासायचे, पासवर्ड कुणाकडे, डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, पैसे कधी भरायचे. मग किल्ल्या आणखी दोघांना द्या. दोघांनाच का, तेही सांगते. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी प्रणाली लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीत जगभर आहे. ती बहुतांशी लासे कोलिन एकटे सांभाळत होते, आणि आपल्याला झेपत नाही हे त्यांनी 2022 मध्ये उघड लिहिलेही होते. ‘जिया टॅन’ या नावाने आलेल्या मदतनिसाने दोनेक वर्षे चोख काम करून विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि 2024 मध्ये आत चोरवाट घातली. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना आपल्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून मार्चअखेर ती उघडकीस आली. या गोष्टीने घाबरून किल्ल्या कमरेला लावून बसू नका. एवढेच करा की कुणाचाही बदल, तुमचासुद्धा, दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जाणार नाही.

आवृत्तीचे दिवसही ठरवून टाका. उबुंटू ही लिनक्सची एक लोकप्रिय आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबर पाळते. तुम्ही शिगमो (आपली होळी) आणि चवथ पाळा. तयार असेल ते जाईल, उरलेले पुढच्या खेपेला. चवथीला मित्र घरी येतीलच. आरती झाली की तासभर बसा आणि अडकलेल्या दुरुस्त्यांतल्या दहा निकालात काढा.

एवढे करूनही सोडावेसे वाटले तर खुशाल सोडा, पण आधी हवाली करून. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम 2018 च्या जुलैमध्ये प्रमुखपदावरून बाजूला झाले, 2019 मध्ये निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाने सूत्रे घेतली आणि पायथॉन पुढे चालत राहिले.

प्रश्न : मला प्रोग्रामिंग येत नाही. तरी अशा कामाला माझा उपयोग होईल का?
— एक शिक्षिका, साखळी

उत्तर : वरच्या पत्रलेखकाला तुमचीच गरज आहे. कोशाची फाइल साधी असते, एका ओळीत एक शब्द आणि पुढे त्याची रूपे कशी होतात याची खूण. कुळागर, खाजन, माटोळी हे शब्द आपण रोज लिहितो आणि त्यांच्याखाली तांबडी रेघ उमटते. कुळागरात, कुळागराला, कुळागरातल्या ही सामान्यरूपे तुम्ही वर्गात शिकवताच. आपल्या भागातले पन्नास शब्द रूपांसकट वहीत उतरवून संपादकांकडे पाठवा, मी ते फोंड्याला पोचवते.