प्रभागाच्या सरासरीवर भिस्त ठेवू नका

प्रत्येक प्रभागाचं सरासरी उत्पन्न काढलं, शेजारी दहा वर्षांतल्या दंगली-आंदोलनांची संख्या मांडली, पण दोन्हींचा संबंधच लागेना. मग विषमतेतून असंतोष पेटतो हे म्हणणंच खोटं का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. ह्याच चुकीपायी माझं जवळजवळ वर्ष वाया गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

गिनी, म्हणजे उत्पन्नातली विषमता ० (सगळे समान) ते १ अशी मोजणारा आकडा, कसा काढतात वगैरे तुम्हाला माहीत असणार. अडचण पुढे आहे. समजा १०० घरं आहेत; निम्म्यांचं उत्पन्न १०, निम्म्यांचं ९०. गिनी येतो ०.४. सगळे मिसळून राहिले तरी ०.४, आणि मधे भिंत घालून गरीब अलीकडे, श्रीमंत पलीकडे ठेवले तरी ०.४च. कोण कुठे राहतं हे गिनीला कळतच नाही. त्यात प्रभागाची हद्द त्या भिंतीला छेदून गेली, की दोन्ही प्रभागांत दोन्हीकडची निम्मी-निम्मी घरं येतात आणि दोन्हींची सरासरी ५०. नकाशावर विषमता शून्य! भिंतीच्या एका अंगाला चोवीस तास पाणी, दुसऱ्या अंगाला तासभर. नेमकी तीच रेषा पुसली जाते.

उपाय म्हणजे प्रगणक गटाच्या, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या प्रभागाहून लहान विभागाच्या, पातळीवरची आकडेवारी. ती मिळवताना मात्र जीव जातो. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण प्रभागाची बेरीज छापायची आणि खालचे आकडे मागितले की ‘उपलब्ध नाहीत’ असा शेरा मारायचा, हे मला आजही पटत नाही. बेरीज आहे म्हणजे आकडे आहेतच ना! अर्जात ‘सविस्तर माहिती’ असं मोघम लिहू नका. गटनिहाय तक्ता, गटांच्या हद्दींचा नकाशा आणि त्या हद्दी कोणत्या वर्षीच्या, अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा. तिसरी राहिली तर दोन जनगणनांची तुलना फसते, कारण मधे हद्दी बदललेल्या असतात.

घटनांच्या यादीतही गफलत दिसतेय. लोक राहतात एकीकडे आणि जमतात दुसरीकडे. २०१९ साली चिलीच्या राजधानीत, सॅंटियागोत, आंदोलनाची गर्दी प्लाझा बाकेदानोत व्हायची, म्हणून आंदोलक त्या चौकात राहत होते असं होत नाही. घटनास्थळ आणि सहभागींची वस्ती असे दोन रकाने ठेवाच.

आणि हो, विषमता वाढली की असंतोष वाढतो, असं सरळ गणितही मांडू नका. सॅंटियागोत निमित्त झालं मेट्रोच्या ३० पेसोंच्या भाडेवाढीचं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत २०१३ साली बसच्या २० सेंताव्होंच्या भाडेवाढीचं. दोन्ही देशांत आधीची काही वर्षं गिनी खाली येत होता. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमननं १९७३ साली दिलेला बोगद्याचा दाखला इथे उपयोगी पडतो: बोगद्यातल्या वाहतूक कोंडीत शेजारची रांग हलली की आधी आपल्यालाही आशा वाटते, आपली रांग हललीच नाही, तर त्याच आशेचा संताप होतो. म्हणून उत्पन्नाबरोबर वाट पाहण्याचा काळ मोजा: कामावर पोचायला किती मिनिटं, पाणी किती तास. क्लिशी-सू-ब्वा हे उपनगर पॅरिसपासून जेमतेम १५ किलोमीटर, पण २००५ साली तिथे दंगल उसळली तेव्हा रेल्वे स्थानक नव्हतं. ट्राम पोचली २०१९ च्या अखेरीस.

पोलिसांच्या वागणुकीचा रकाना तुमच्या तक्त्यात नाही, तो घाला. अमेरिकेतल्या दंगलींवरच्या कर्नर आयोगानं १९६८ साली तक्रारींच्या सर्वांत वरच्या गटात पोलिसांची वागणूक, बेरोजगारी आणि निकृष्ट घरं ठेवली होती. माझ्या मते हा रकाना नसेल तर बाकीचा हिशेब करूच नये. हे मत आहे, नियम नव्हे. तुमच्या शहराचं चित्र वेगळं निघू शकतं.

जाता जाता: घटना वर्तमानपत्रांतून मोजल्या असतील, तर शहराच्या मध्यभागातल्या जास्त आणि कडेच्या वस्त्यांतल्या कमी सापडतील. निदान एका वर्षापुरती ती यादी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहा, आणि मगच पुढचा आलेख काढा.