"मीच मारलं ना त्याला?"

"एका माशासाठी कुणी इतकं रडतं का हो?" आईने खुर्चीत बसता बसताच विचारलं. 9 वर्षांचा मुलगा शेजारी मान खाली घालून. गोल्डफिश जाऊन 12 दिवस झाले होते, तो नीट जेवत नव्हता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी मुलांची समुपदेशक; हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात. हो, रडतं. या वयात गेलेला जीव परत येत नाही हे मुलांना पक्कं कळलेलं असतं. पण याचं रडणं नुसत्या दुःखाचं वाटेना. आई बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "तो सारखा वर येऊन तोंड उघडायचा. मला वाटलं भूक लागलीय. मी खूप खायला घातलं. मीच मारलं ना त्याला?"

"छे रे, तुझं काही चुकलं नाही" असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. वरवरची समजूत मुलं लगेच ओळखतात आणि मग पुन्हा विचारत नाहीत.

मी स्वतः मासे पाळते, म्हणून टाकीचीच चौकशी केली. टाकी जेमतेम 3 आठवड्यांची. दर रविवारी सगळं पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासायचा. मी कागद ओढला आणि चित्र काढलं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, जे बरंच कमी घातक. स्पंजवर, वाळूत त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. मग अमोनियाने कल्ले होरपळतात, नायट्राइटमुळे रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, आणि मासा वर येऊन धापा टाकतो.

"म्हणजे भूक नव्हती?"

"श्वास पुरत नव्हता. जास्तीच्या खाण्याने पाणी आणखी बिघडलं, हे खरं. पण त्याला काहीतरी होतंय हे तुलाच दिसलं होतं."

आईला आत बोलावून चित्र त्यालाच समजावून सांगायला लावलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "स्पंज तर मी धुवायचे रे."

त्याने तिचा हात धरला. "तुला पण माहीत नव्हतं."

पुढच्या भेटीला तो वही घेऊन आला. जिवाणूंचा जम बसावा म्हणून मासा नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य, पाणी तपासायच्या टेस्ट किटचे आकडे, तारखा. "अमोनिया अजून दिसतोय," म्हणाला. "एवढ्यात मासा नाही आणायचा."