एमआरआय चांगला आला, तरी खांदा दुखतोच

“मॅडम, एमआरआयमध्ये काहीच आलं नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरंच तसं असेल का हो?”

हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो आणि दर वेळी पोटात तुटतं. या बाई पन्नाशीच्या, शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डावा खांदा दीड वर्ष दुखत होता. हाताला मुंग्या, बधिरपणा, जोर कमी होणं, असलं काही नसल्याची खात्री डॉक्टरांनी केली होती. असतं, तर मी त्यांना आधी तिकडेच पाठवलं असतं.

त्यांना उताणं झोपवलं. डावा हात कोपराशी आणि मनगटाशी धरून उचलला.

“सैल सोडा.”

“सोडलाय की.”

मी माझे हात हळूच काढून घेतले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मान वळवून त्यांनी तो पाहिला आणि डोळे भरून आले. “म्हणजे मीच धरून ठेवलाय? चूक माझीच?”

अजिबात नाही. स्नायू किती आवळून धरायचा हे मज्जासंस्था ठरवते, आपल्याला न विचारता. अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंची कूस बदलायला, त्यांना उठवून बसवायला हा खांदा दोन वर्षं राबला होता. सासूबाई गेल्या, तरी तो तयारीतच राहिला. दुखणं मात्र खरंच होतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली, त्यातही म्हटलंय की दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याचा मान राखावा. घरच्यांना हे जरूर सांगा, मी म्हटलं.

मी फेल्डेनक्राइस पद्धतीनं काम करते, म्हणजे हलक्या स्पर्शातून आणि हालचालींतून शरीराच्या सवयी ओळखायला, बदलायला मदत करते. मोशे फेल्डेनक्राइस हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि ज्युदोपटू. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यामुळे ते आपल्याच हालचालींचा बारकाईनं अभ्यास करू लागले आणि त्यातून ही पद्धत उभी राहिली. यात चोळणं, रगडणं, हाडं मोडणं नाही. वर चढलेला खांदा मी खाली दाबत नाही. उलट तळहात खाली घालून अजून थोडा कानाकडे उचलून धरते. स्नायूचं ओझं माझ्या हातानं घेतलं की त्याला धरून ठेवायचं कारण उरत नाही. चारपाच मिनिटांनी त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खांदा माझ्या हातात जड झाला. त्या जडपणाची मी वाटच बघत असते.

“ताठ बसत जा” असं मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. आधीच आवळलेल्या पाठीला आणखी एक काम कशाला?

तीन महिन्यांत आठ वेळा आल्या. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. वह्या तपासायच्या आठवड्यात डोकं वर काढतं. पण डाव्या कुशीवर झोप लागते. परवा म्हणाल्या, “मॅडम, पर्सचा पट्टा हल्ली डाव्या खांद्यावरून सारखा घसरतो. आधी कधी घसरायचा नाही.”